रजईतला भात

वामनराव गुल्हाने कोणालाही पहिल्यांदा भेटले की आधी हात जोडायचे आणि लगेच समोरच्याच्या बाहीचं कापड चिमटीत धरून पाहायचे. चाळीस वर्षं नागपूरच्या गांधीबागेत कापडाच्या दुकानात गादीवर बसलेला माणूस, त्याच्या बोटांना तीच सवय. मी सक्करदऱ्याला नवीन राहायला आलो तेव्हा शेजारधर्म म्हणून त्यांच्याकडे गेलो. कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो, त्यामुळे अंगात सूट होता आणि डोक्यात थोडी हवा. वामनरावांनी माझ्या कोटाची कड उलटून अस्तर पाहिलं आणि विचारलं, "सासऱ्यानं देल्ला काय?"

मी हो म्हणालो.

"फसवलं त्याईले दुकानदारानं," ते शांतपणे म्हणाले आणि आत वळून शांताकाकूंना चहा टाकायला सांगितलं. मला राग आला होता, पण चहा फार चांगला होता. पुढे वीस वर्षं तो चहा मी पीत राहिलो.

त्यांच्या दुकानात गादीमागे एक पाटी होती. 'फाडलेलं कापड वापस होणार नाही.' अशा पाट्या त्या बाजारात गल्लोगल्ली असतात, पण वामनराव ती पाटी घरीही घेऊन यायचे. एकदा तोंडातून शब्द गेला की संपलं. एकदा कोपऱ्यावरच्या पानवाल्याशी चुन्यावरून बिनसलं, तेव्हा "आजपासून तुह्या हातचं पान खाणार नाई" असं म्हणून बसले. दुसऱ्या दिवशी त्या बिचाऱ्याने हात जोडले. वामनराव म्हणाले, "माफी कबूल हाय. पान नाई. फाडलं ते फाडलं." त्यानंतरही रोज संध्याकाळी त्याच्याच ठेल्यासमोर उभे राहून ते तासभर गप्पा मारायचे आणि पान खायला पुढच्या चौकात जायचे. पानवालाही त्यांच्यासाठी स्टूल काढून ठेवायचा.

पानाचं ठीक होतं. पण हाच हट्ट त्यांनी पोटच्या पोराशीही केला, आणि तिथे मात्र हसण्यासारखं काही नव्हतं.

सुधाकर त्यांचा एकुलता एक. इंजिनीयर झाला. वामनरावांना वाटलं होतं, शिकू दे काय शिकायचं ते, शेवटी गादीवरच येऊन बसणार आहे. पोराने कोराडीच्या वीज केंद्रात नोकरी धरली आणि तिथल्या कॉलनीत क्वार्टरही घेतलं. ही बातमी त्याने जेवायला बसल्यावर सांगितली. ताट वाढलेलं होतं. वामनराव म्हणाले, "जा मंग. पण पुन्हा माह्या घरी जेवाले येऊ नको." सुधाकरही त्यांचाच मुलगा. भरल्या ताटावरून उठला आणि गेला तो गेलाच.

हे मला शांताकाकूंनी सांगितलं. त्या दर गुरुवारी सिटी बस बदलून कोराडीला जाऊन यायच्या. वामनरावांना ते माहीत होतं आणि आपल्याला माहीत आहे हे काकूंना माहीत आहे, हेही माहीत होतं. गुरुवारी संध्याकाळी काकू परत आल्या की ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारायचे, "बस बरोबर भेटली काय?" काकू म्हणायच्या, "भेटली." मग थोड्या वेळाने, "तिकडे राख लय उडते म्हणतात." काकू म्हणायच्या, "उडते. खोकला झाला होता, आता बरा हाय." कोणाला खोकला, हे दोघांपैकी कोणीच बोलायचं नाही.

आता कोरियाचं सांगतो. आमच्या भागात एक मैत्री मंडळ होतं. परदेशी लोकांनी आपल्या घरी राहावं, आपण त्यांच्या घरी राहावं, हॉटेलाची पायरी चढायची नाही, असा त्याचा नियम. इंग्रजी येतं या एकाच गुन्ह्यासाठी मला त्याचा सेक्रेटरी केलेलं. त्या वर्षी आमचा जथा दक्षिण कोरियाला निघाला होता आणि ऐनवेळी एका डॉक्टरसाहेबांनी माघार घेतली. जागा रिकामी राहते की काय या काळजीत मी असताना वामनराव म्हणाले, "मी येतो."

"तुम्ही? कशाला?"

"बाजारात कोरियाच्या कापडाचं एक थान आलं होतं, सर. त्याची वीण कशी केली ते मले समजून नाई राहिलं. पाहून येतो."

विमानात त्यांचा हात हवाईसुंदरीच्या गळ्यातल्या रुमालाकडे निघाला होता, तो मी वेळीच धरला. तेव्हाच मला पुढच्या पंधरवड्याची कल्पना आली.

सोलच्या दक्षिणेला चोंजू नावाचं जुनं गाव आहे. तिथे आम्हाला घरं वाटून दिली. वामनरावांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्यांच्या जोडीला मला टाकलं. घर पाक नावाच्या शाळामास्तरांचं, कौलारू, मधे अंगण. मास्तर, त्यांची बायको, कॉलेजात इंग्रजी शिकणारी मुलगी मिरान आणि मास्तरांची म्हातारी आई. आजी सत्तरीच्या पुढची, बुटकी, ताठ, पांढरे केस घट्ट मागे बांधलेले. वामनरावांनी हात जोडले. पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं. त्यांनी आजीच्या झग्याची बाही चिमटीत धरली. वामनराव म्हणाले, "हातानं शिवलं हाय. टाका पाहा, सर, किती बारीक हाय." मी ते मिरानला सांगितलं, मिरानने आजीला. आजीने वामनरावांकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसली. तो झगा तिनेच शिवलेला होता.

त्या दिवसापासून वामनराव तिला 'माय' म्हणू लागले. मिरानला त्यांनी परस्पर 'मीरा' करून टाकलं.

बोलणं असं चालायचं: वामनराव वऱ्हाडीत पाच मिनिटं बोलायचे, मी त्याचं इंग्रजीत एक वाक्य करायचो आणि मिरान आजीला तीन शब्द सांगायची. तरी आजीला सगळं कळायचं. पहिल्या रात्री जेवताना पाहुण्यांना तिखट लागेल म्हणून मास्तरांच्या बायकोने कोबीचं लोणचं पाण्यात धुऊन वाढलं. वामनरावांनी ते खाल्लं, "लेकराचं जेवण हाय" असा शेरा मारला आणि पिशवीतून ठेच्याचा डबा काढला. मास्तरांनी बोटभर घेतला, लाल झाले, उठून पाणी पिऊन आले आणि पुन्हा बोटभर घेतला. आजीने मात्र भाताबरोबर सावकाश खाऊन पाहिला आणि काही न बोलता डबा आपल्या बाजूला ओढून घेतला. वामनरावांना एवढा आनंद मी दिवाळीच्या गिऱ्हाइकीतही झालेला पाहिला नव्हता.

खरी पंचाईत झाली ती जमिनीची. तिथल्या घरांत फरशी खालून तापवतात. बाहेरच्या भट्टीत कोळशाच्या गोल, भोकं असलेल्या वड्या पेटवायच्या आणि तिची धग जमिनीखालच्या पोकळीतून फिरवायची. भट्टीजवळचा कोपरा सगळ्यांत गरम, म्हणून तो मानाचा. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा, नाहीतर पाहुण्याचा. तिथे दिवसभर एक जाड रजई अंथरलेली असते, ऊब धरून ठेवायला. थंडीतून आलेलं माणूस रजईखाली पाय घालून बसतं. आजीने आपला तो कोपरा वामनरावांना दिला. नागपूरचा माणूस, आयुष्यभर उन्हाळ्यात फरशीवर पाणी शिंपडून झोपलेला. त्यांनी थोडा वेळ सोसलं आणि मग अंथरूण ओढत ओढत थंड दारापाशी नेलं. सकाळी आजीचं तोंड उतरलेलं. आपण दिलेली जागा पाहुण्याला आवडली नाही, असं तिला वाटलं.

"सांगा त्याईले, सर," वामनराव म्हणाले, "आमच्या इकडे पावण्याले कूलरसमोर बसवतात. गरम जागा आम्ही जावयालेही देत नाई."

मी सांगितलं. पण आजीचं समाधान झालं नाही हे त्यांनीही पाहिलं. त्या दिवसापासून ते निमूट त्या कोपऱ्यात झोपू लागले. घामाने भिजून उठायचे आणि "लय छान झोप लागली, माय" म्हणायचे. दुसऱ्याचं मन राखायला हा माणूस भाजून घ्यायला तयार होता. फक्त स्वतःचा शब्द मागे घ्यायचा म्हटलं की त्यांचे हात बांधले जायचे.

दोन-चार दिवसांनी एका संध्याकाळी आम्ही गावातला बाजार हिंडून परत आलो. बाहेर बोचरा वारा होता आणि वामनरावांना सडकून भूक लागली होती. ते थेट कोपऱ्यात जाऊन बसले आणि रजईखाली पाय लांब केले. पायाला काहीतरी टणक, गरम लागलं. रजई उचलून पाहिली तर पितळेचं झाकणाचं भांडं, चिंध्या जोडून शिवलेल्या एका सुंदर रुमालात गुंडाळलेलं. झाकण काढलं तर आत वाफाळता भात.

वामनराव पटकन पाय आखडून मांडी घालून बसले. भांड्याला हात लावून तो हात कपाळाला लावला. "अन्नाले पाय लागला, सर," ते अगदी कावरेबावरे होऊन म्हणाले. "आता काय करू?"

मी म्हणालो, "झाकून ठेवून द्या."

"असं कसं? पाय लागलेलं आपण दुसऱ्याले कसं खाऊ घालाव? आन् टाकूनही देता येत नाई. ज्याचा पाय लागला त्यानंच संपवलं पायजे." आणि पिशवीतला ठेचा काढून त्यांनी तो सगळा भात खाल्ला, शीतही ठेवलं नाही. प्रायश्चित्त भुकेच्या वेळी आलं होतं हे खरं, पण त्यांची श्रद्धा खरी होती. मग भांडं पुन्हा त्याच रुमालात बांधायला घेतलं, तेव्हा दारात मास्तरांची बायको उभी होती. तिच्या हातातल्या ताटलीतली फळं घरंगळून खाली पडली आणि तिने ती उचललीही नाहीत.

सगळे जमले. कोणी ओरडलं नाही, हेच वाईट होतं. वामनराव माझ्याकडे पाहून म्हणाले, "कोणाच्या वाट्याचं होतं काय?"

मिरानने हळूहळू सांगितलं. आजीला दोन मुलगे. धाकटे हे मास्तर. थोरला लढाईच्या काळात घरातून गेला तो सरहद्दीच्या पलीकडे, उत्तर कोरियात राहिला. आहे की नाही, हेही कळलेलं नाही. जो घराबाहेर आहे त्याचा भात रजईखाली गरम ठेवायचा, ही तिकडची जुनी रीत. सगळी माणसं कामावरून परत येईपर्यंत ठेवतात. आजी तीस वर्षांहून जास्त काळ रोज संध्याकाळी ठेवत होती. रात्री निवलेला काढायची आणि सकाळी स्वतः पाणी घालून खायची. त्या भांड्याला घरात कोणी हात लावत नसे.

मी हे मराठीत सांगत असताना वामनरावांनी डोक्यावरची टोपी काढली. ते उठून आजीसमोर गेले आणि वाकून तिच्या पायाला हात लावला. तिकडे पायाला हात लावत नाहीत, आजी दचकून मागे सरली. "माय, चुकलं," ते म्हणाले आणि भांड्याला हात लावून तो पुन्हा कपाळाला लावून दाखवला. "सांगा त्याईले, सर. पाय लागला होता म्हणून खाल्लं. हावरटपणा नाई केला." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मिशीला ठेचा लागला होता.

आजीने रिकामं भांडं जवळ ओढलं. मग तिने एकच प्रश्न विचारला. मिरानने तो मला सांगितला आणि मी वामनरावांना. "भात गरम होता का?"

"गरम?" वामनराव म्हणाले. "चुलीवरून आत्ता उतरवल्यावानी होता, माय. तोंड भाजलं माहं."

हे तिच्यापर्यंत पोहोचलं आणि आजीचा चेहरा असा खुलला की आम्ही पाहतच राहिलो. ती हसली आणि हसता हसता तिने बाहीने डोळे पुसले. मिरानने सांगितलं, आजी म्हणते, इतकी वर्षं मी ठेवते, पण तो खाणाऱ्याला गरम लागेल की नाही हे सांगणारं कोणी नव्हतं. आज कळलं. दुसऱ्या दिवसापासून रजईखाली दोन भांडी दिसू लागली. एक थोरल्याचं, एक वामनरावांचं.

पुढे एकदा आम्ही एक टेकडी चढत होतो तेव्हा वामनरावांनी मधेच थांबून विचारलं, "सर, थो पोरगा किती दूर असन तिच्यापासून?" मी म्हणालो, तसं दूर नाही, रस्ता उघडा असता तर मोटारीने दिवसभरात पोहोचता आलं असतं. "एवढंच?" ते म्हणाले. कोरियाच्या थानाच्या विणीची चौकशी करायची राहूनच गेली, हे त्यांना परतीच्या विमानात आठवलं. निघताना आजीने त्यांना तो जोडकामाचा रुमाल दिला, दोन्ही हातांनी. वामनरावांनीही तो दोन्ही हातांनी घेतला.

नागपूरला परत आल्यावर वामनरावांनी शांताकाकूंना सांगितलं, "आजपासून भात जास्त टाकत जा वं." आणि पितळेचा एक झाकणाचा गंज, म्हणजे पातेलं, घासून घेतला. रोज संध्याकाळी त्यात भात भरायचा, गंज त्या रुमालात बांधायचा आणि बैठकीतल्या दिवाणावर रजईत गुंडाळून ठेवायचा. काकूंनी विचारलं, "कोणासाठी?" ते म्हणाले, "कोणी येते कधी, म्हणून ठेवाव माणसानं." कोणी येत नव्हतं. सकाळी काकू त्या भाताला फोडणी द्यायच्या आणि वामनराव तो दुकानात न्यायचे. दुकानातली सगळी माणसं फोडणीच्या भाताला कंटाळून गेली. उन्हाळा आला तरी रजई दिवाणावरच. नागपूरच्या मे महिन्यात घरात रजई पाहून येणारे-जाणारे घाबरायचे. भात आंबायला लागला तेव्हा काकूंनी त्याच्या भातवड्या घालून गच्चीवर वाळवल्या, त्या आम्हीही खाल्ल्या.

काकू माझ्याजवळ म्हणाल्या, "समुद्र ओलांडून कोरियाले जाऊन आले. कोराडीले जायाले बस नाई भेटत याईले."

मी मग हे बोलणं वामनरावांपुढे काढलंच. म्हटलं, भात रजईत ठेवलेला कोराडीला कसा कळणार? एकदा निरोप तरी पाठवा. ते पेपर वाचत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "सर, मी म्हणलं होतं ना त्याले, माह्या घरी जेवाले येऊ नको म्हणून. आता कोणत्या तोंडानं ये म्हणू? फाडलं ते फाडलं." मी रागाने उठून घरी आलो. असला माणूस रोज भेटतो म्हणून आपण त्याच्यावर प्रेम करतो की प्रेम करतो म्हणून रोज भेटतो, हे मला कधी कळलं नाही. पण त्या दिवशी मात्र दोन कानाखाली द्याव्यात असं वाटलं होतं.

पुढच्या थंडीत कोरियाचा जथा आमच्याकडे आला. मिरान येणार हे ठरलेलं होतं. स्टेशनवर पाहतो तर तिच्यामागून आजी उतरली. ज्याने भात खाल्ला त्याचं घर पाहायचं म्हणून हट्ट करून आली होती. वामनरावांनी हात जोडले. आजीने पुढे होऊन त्यांच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरली, डोळे बारीक करून पाहिली आणि नापसंतीने मान हलवली. फलाटावरचे हमालसुद्धा हसले.

वामनरावांनी तिची बडदास्त ठेवली ती विचारू नका. सकाळी ओट्यावर जिथे पहिलं ऊन पडतं तिथे तिची खुर्ची. शिकले होते एवढं. काकूंनी तिला लुगड्याचे काठ दाखवले, तिने काकूंना जोडकामाचा टाका. दोघींना दुभाषा लागलाच नाही.

दुसऱ्याच संध्याकाळी आम्ही सगळे बैठकीत होतो. आजी दिवाणावर बसली, सवयीने रजईखाली पाय घातले आणि एकदम थांबली. मग खोडकरपणे हसून तिने पाय आखडले, रजई बाजूला केली, आपला रुमाल ओळखला आणि गंजाला हात लावून तो हात कपाळाला लावला. हुबेहूब वामनरावांसारखा. आम्ही हसत असतानाच तिने मिरानला काही विचारलं. मिरानने मला विचारलं, "हा कोणाचा?"

मी वामनरावांकडे पाहिलं. ते खाली मान घालून म्हणाले, "पोराचा."

आजीचा चेहरा उतरला. तिने वामनरावांचा हात हातात घेतला आणि हलक्या आवाजात विचारलं. मिरानने सांगितलं, आजी विचारते, कोणत्या लढाईत?

मी भाषांतर केलं. वामनराव म्हणाले, "लढाई नाई, माय. भांडण."

"मग आता कुठे आहे?"

"कोराडीले."

"ते किती दूर आहे?"

स्वयंपाकघराच्या दारातून काकूंचा आवाज आला, "सिटी बसनं तासभर."

मी त्याचं शब्दाला शब्द भाषांतर केलं. अशा वेळी दुभाष्याने काही गाळू नये. आजीने मिरानला पुन्हा विचारून खात्री करून घेतली. मग विचारलं, वाटेत सरहद्द आहे का, शिपाई आहेत का? काकू म्हणाल्या, "जकात नाका हाय. पण माणसाले नाई अडवत."

मग आजीने तो गंज दोन्ही हातांनी उचलला, वामनरावांच्या हातात दिला आणि एक वाक्य बोलली. मिरान ते सांगेना. वडीलधाऱ्या माणसाला असं कसं सांगायचं, म्हणाली. मी म्हटलं, सांग. तिने सांगितलं आणि मी वामनरावांना सांगितलं, "आजी म्हणते, माझ्या मुलाकडे बस जात असती, तर मी एक दिवससुद्धा भात निवू दिला नसता."

वामनराव गंज हातात घेऊन उभे राहिले. मला वाटलं, आता रागावतात. त्यांनी खुंटीवरची टोपी घातली आणि म्हणाले, "रजईही घे वं. निवन रस्त्यात."

असे आम्ही निघालो. सीताबर्डीला बस बदलली. पुढे वामनराव, मांडीवर रजईचं गाठोडं आणि त्यात भात. त्यांच्या शेजारी रेशमी झग्यातली आजी, मागे काकू, मिरान आणि मी. कंडक्टर म्हणाला, "लगेजचं तिकीट घ्या, काका." वामनराव म्हणाले, "लगेज नाई गा. जेवण हाय." कंडक्टरने रजईकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि पुढे निघून गेला.

कोराडीला उतरलो तेव्हा अंधार पडत होता. क्वार्टरचं दार सुधाकरने उघडलं. नुकताच ड्यूटीवरून आला असावा, अंगात खाकी शर्ट होता. "बाबा," तो म्हणाला. वामनरावांनी त्याच्या बाहीचं कापड चिमटीत धरलं.

"कापड बरं हाय," ते म्हणाले. "पण राख बसते याच्यात."

"हो."

"मी म्हणलं होतं, माह्या घरी जेवाले येऊ नको."

"हो, बाबा."

"तो शब्द मी फिरवला नाई. हे तुहं घर हाय." आणि त्यांनी गंज दोन्ही हातांनी पुढे केला. सुधाकर क्षणभर गोंधळला, मग त्यानेही दोन्ही हात पुढे केले.

तो सतरंजीवर बसून जेवायला लागला. काकूंनी पिशवीतून वरण काढलं, त्यांनी ते कधी बांधून घेतलं देव जाणे. आम्ही सगळे भोवती उभे, आणि तो मान खाली घालून घास घेत होता. तेवढ्यात आजीने काहीतरी विचारलं. मिरानने तोंड उघडायच्या आत वामनराव म्हणाले, "माय विचारून राहिली, भात गरम हाय काय." तेवढं कोरियन त्यांना येत होतं.

मी जवळच होतो. बसने चांगला तासावर वेळ घेतला होता आणि भात निवून त्याचं डिखळ झालेलं मला दिसत होतं.

"गरम आहे, बाबा," सुधाकर म्हणाला. "तोंड भाजलं."

मिरानने ते आजीला सांगितलं. आजीने समाधानाने मान हलवली आणि कोपऱ्यात रजई अंथरून तिच्यावर बसली.

वामनराव जाऊन आता बरीच वर्षं झाली. कोराडीच्या त्या संध्याकाळनंतरही मी त्यांना कितीतरी वेळा भेटलो होतो, दुकानात, पानठेल्यासमोर, सुधाकरच्या लग्नात. पण मला ते आठवतात ते त्या क्वार्टरमधले. सगळ्यांकडे पाठ करून ते खिडकीपाशी गेले होते आणि पडद्याचं कापड चिमटीत धरून उभे होते. "हे कापड कुठून आणलं तुनं?" त्यांनी विचारलं.

उत्तर काकूंनी दिलं. "आपल्याच दुकानचं हाय. मी मागितलं होतं, तुमीच फाडून देल्लं. कशासाठी म्हणून तुमी विचारलं नाई आन् मी सांगितलं नाई."

वामनराव तसेच पाठमोरे ते कापड बोटांत धरून पाहत राहिले. खरं तर कोणतं कापड आहे हे त्यांना पहिल्याच चिमटीत कळलं असणार.